आतले फोटो, बाहेरचे फोटो

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात एस.टी. थांबते तिथून हाकेच्या अंतरावर काशीराम आणि विमला या नवराबायकोचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर नाव काशीरामचं, पण गिऱ्हाईक येई ते विमलाच्या भरवशावर. हे काशीरामच चारचौघांत सांगे आणि वर म्हणे, "नाव माझा आसा ना? मगे बस!"

विमलाच्या भरवशाला कारण होतं. किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत लग्न निघालं की मांडवातले, पुरुषांकडचे फोटो काशीराम काढी आणि आत बायकांत विमला जाई. मेंदीच्या रात्री, नवरीला सजवताना, गाणी म्हणताना बायका आपापसांत मोकळ्या असतात. डोक्यावरची ओढणी कुठे, केस कुठे, हसणं कुठे, याचं भान नसतं. ते फोटो बायकांनी बघायचे, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचे नाहीत, असा त्या घरांचा रिवाज. विमलाने तो कधी मोडला नव्हता. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात तो रोल ती काळोख्या खोलीत स्वतः धुवायची. रंगीत रिळं आली तेव्हा ती कुडाळच्या लॅबमध्ये जाऊन मशीनपाशी उभी राहायची आणि फोटो बाहेर पडले की मोजून पाकिटात घालायची. लॅबवाला वैतागायचा. "बाय, माझ्यार विश्वास नाय?" "तुझ्यार आसा रे, तुझ्या डोळ्यांर नाय," असं म्हणून ती पाकीट पिशवीत टाकायची.

मग रिळं गेली, कॉम्प्युटर आला. काशीरामने हात वर केले. विमला मात्र कुडाळच्या एका क्लासात भाचीच्या वयाच्या पोरींमध्ये जाऊन बसली. आपण शिकलो नाही तर ते फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी हातून जाणार, हे तिला दिसत होतं. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर ती शिकली, आणि एकदा हात बसल्यावर कोळणीचा कोयता चालावा तसा तिचा माउस चालू लागला. प्रत्येक लग्नाचे ती दोन फोल्डर करी. एकाचं नाव 'बाहेर', दुसऱ्याचं 'आत'. ती 'आत' उघडायला लागली की काशीराम आपली खुर्ची उचलून रस्त्याकडे तोंड करून बसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "माका आता सुट्टी आसा."

दोन हजार नऊ सालची दिवाळी झाली आणि नुरुद्दीनच्या मुलीचं लग्न झालं. नुरुद्दीन मोठा मासळीचा व्यापारी, मालवणच्या अलीकडे खाडीकाठी राहणारा. होडीवरून मासळी उचलून गोव्याला धाडायचा. माणूस दिलदार, पण आवाज असा की शेजारी बसून बोलला तरी खाडीपलीकडच्या काठावरच्यांनी ओ द्यावी. त्याची मुलगी जोया रेडी गावात दिली होती. लग्नानंतर जावई झैद आणि त्याच्या घरची माणसं जेवायला यायची होती, आणि नुरुद्दीनने बेत आखला होता, की अंगणात टीव्ही मांडायचा, सीडी लावायची आणि पाहुण्यांना सगळं लग्न पुन्हा दाखवायचं.

नुरुद्दीनची बायको नसीमा मात्र लग्नाच्या आधीच स्टुडिओत येऊन गेली होती. ती कमी बोलणारी बाई. खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "विमलाताय, आतले फोटो माझ्या हातात. दुसऱ्या कोणाच्या नाय."

"नसीमाभाभी, माझी जबान."

"मगे झाला," असं म्हणून नसीमा उठली. तिने पुन्हा एकदा बजावलंही नाही. विमलाला तेच आवडलं. जबान दिली आणि घेतली, मध्ये पाल्हाळ नको.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच विमलाने बाहेरचे फोटो तयार केले आणि 'टीव्ही' नावाच्या एका नव्या फोल्डरमध्ये काढून ठेवले. जेवण करून ती आतले फोटो घेऊन बसली. काशीरामने खुर्ची फिरवली. जोयाच्या हातावरची मेंदी जरा काळपट आली होती, ती विमलाने लाल केली. शेवटचा फोटो हातावेगळा झाला, सगळे निवडून तिने तयार फोटोंच्या प्रती काढायचा, एक्स्पोर्टचा चौकोन उघडला, आणि तेवढ्यात दारात नुरुद्दीनचा आवाज गडगडला.

"काय विमलाबाय! माझी सीडी झाली का नाय? पावणे आंगणात येवन बसलेत!"

पडद्यावर नुरुद्दीनच्या बहिणी, भावजया, शेजारणी मोकळ्या केसांनी टाळ्या पिटत होत्या. पडद्याचं तोंड दाराकडे नव्हतं, पण नुरुद्दीनचा काय नेम? तो सरळ टेबलाला वळसा घालून मागे येणारा माणूस. विमलाने चौकोनात काय लिहिलंय ते न वाचता बटण दाबलं आणि खिडकी खाली पाडली. पडद्यावर नुसता निळा रंग उरला.

"येवा नुरभाय, बसा. च्या घेतलास?"

चहा आला, गप्पा झाल्या. कॉम्प्युटर मागच्या मागे आपलं काम उरकत होता. थोड्या वेळाने विमलाने 'टीव्ही' फोल्डर न उघडताच उचलून सीडीवर उतरवला. उघडायला काही हरकत नव्हती, ते बाहेरचेच फोटो. पण नुरुद्दीन आता खरंच वळसा घालून तिच्या खांद्याशी उभा होता, आणि तो तिथे असताना त्या पडद्यावर काहीही उघडायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

नुरुद्दीन सीडी खिशात घालून टेम्पोत बसून गेला. आता आतली सीडी करावी, उद्या नसीमाच्या हातात द्यावी, म्हणून विमलाने तिच्यासाठी करून ठेवलेला फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा होता.

तिने एकदा बंद करून पुन्हा उघडला. रिकामाच. मग तिने 'टीव्ही' उघडला. काझीसाहेबांच्या पांढऱ्या दाढीशेजारी जोयाचे मेंदीचे हात. बिर्याणीच्या टोपाशेजारी केस विंचरणारी नसीमा. एक पुरुषांचा, एक बायकांचा, एक पुरुषांचा, दोन बायकांचे. गोणीतून सोललेल्या आणि न सोललेल्या सुपाऱ्या एकदम ओताव्यात तसं सगळं मिसळलेलं होतं.

काय झालं ते तिला लगेच उमगलं. एक्स्पोर्टचा चौकोन मागचीच जागा लक्षात ठेवतो. कालच्या दावणीला जनावर जाऊन उभं राहावं तसं. सकाळी बाहेरचे फोटो 'टीव्ही'त गेले होते, म्हणून दुपारी आतलेही तिथेच गेले. मूळचे फोटो आपापल्या फोल्डरांत जागच्या जागी होते, पण एक्स्पोर्ट केलेल्या प्रती आपले फोल्डर पाठीवर घेऊन येत नाहीत. त्यांना वेगळं बसवायचं असेल तर आपणच हाताला धरून बसवावं लागतं. हे तिला ठाऊक होतं, आजवर शंभरदा तिने केलंही होतं. आज फोटो झाकायच्या घाईतच ते उघडे पडले होते.

"काय झाला गो?" रस्त्याकडे तोंड करूनच काशीरामने विचारलं.

"आतले फोटो नुरभायच्या खिशात गेले."

काशीरामने खुर्ची अर्धवट वळवली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाला, "कॉम्प्युटर बिघडलो म्हणान सांग."

"कॉम्प्युटर बिघडूक नाय. मी बघूक नाय," विमला म्हणाली आणि तिने फोन उचलला.

मागे टेम्पोची घरघर ऐकू येत होती. "हां बोल विमलाबाय!"

"नुरभाय, ती सीडी लावू नका."

"कित्याक? खराब झाली?"

"खराब नाय. तिच्यात आतले फोटो गेलेत."

टेम्पोची घरघर थांबली. नुरुद्दीनने गाडी बाजूला घेतली असावी. त्याचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे विमलाला पहिल्यांदाच कळलं.

"किती?"

"सगळे."

"या अल्ला. थयसर झैदचो बापूस, काके, सगळे आसत. टीव्ही मांडून झालो. मी काय सांगू त्यांका?"

"काय वाटात ता सांगा. मी दुसरी करून घेवन येतंय. ही खिशातून काढू नका, कोणाच्या हातात देव नका."

"अगो पण माझ्या खिशात तरी कशी ठेवू? माझ्या भावजयांचे फोटो आसत त्यात!" नुरुद्दीन कळवळून म्हणाला. ती सीडी आता त्याला निखाऱ्यासारखी लागत होती.

"दुसरो खिसो नाय तुमका. ठेवा."

फोन ठेवून विमला कामाला बसली. भीती असते ती काय करायचं हे ठाऊक नसलेल्याला. तिने एक मोठा फोल्डर केला आणि त्याच्या पोटात दोन, मुळात होते त्याच नावांचे, 'बाहेर' आणि 'आत'. मग सॉफ्टवेअरमध्ये आधी 'बाहेर' निवडला, चौकोनातला पत्ता मोठ्याने वाचला आणि मगच बटण दाबलं. ते संपल्यावर 'आत' निवडला, पत्ता बदलला, पुन्हा मोठ्याने वाचला. काशीराम पाठमोरा बसून "बरोबर" म्हणत होता, जसं काही त्याला दिसतंय. शेवटी तिने दोन्ही फोल्डर उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर फिरवली, एकेक वेगळी सीडी केली, आणि बाहेरची सीडी पुन्हा कॉम्प्युटरात घालून तपासली. दोन्ही पिशवीत टाकून ती रस्त्यावर आली. सत्यवान रिक्षावाला झाडाखाली पेपर वाचत होता.

"सत्यवान, खाडीर चल. नुरभायच्या घराक."

"आग लागली काय गो वयनी?"

"लागूक नाय. लागायच्या आधी पोचूक होया."

सत्यवानाने रिक्षा अशी हाकली की वळणावर विमलाने पिशवी छातीशी धरली. "वायच हळू रे मेल्या! मी नाय पोचलंय तर सीडी कोण देतलो?"

दिवेलागणीला ती पोचली. मोहल्ल्यातली सगळी घरं उजळली होती, आणि त्यात नुरुद्दीनचं एकच घर काळोखात होतं. अंगणात कंदील ठेवला होता. टीव्ही टेबलावर मुका बसला होता. खुर्च्यांवर पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत होते, आणि नुरुद्दीन शर्टाच्या खिशावर हात दाबून त्यांच्यामध्ये उभा होता.

"नुरुद्दीनभाय, शेजारच्या घरात लाइट आसा," झैदचे वडील सांगत होते.

"त्यांची लाइन वेगळी."

"पलीकडच्या घरात पण आसा."

"ती पण वेगळी."

"मगे वायरमनाक बोलवा."

"बोलवलाय! येतलो. वायरमन तो, काय पावणो थोडोच की वेळेर येतलो!"

पाहुणे हसले. नुरुद्दीनने विमलाला पाहिलं आणि बुडत्याला फळी मिळावी तसा तो पुढे आला. तिला घराच्या कोपऱ्याआड नेऊन त्याने खिशातून सीडी काढून दोन बोटांत धरून तिच्याकडे दिली आणि हात लुंगीला पुसले. मग लुंगीच्या कनवटीतून त्याने चिनी मातीचा फ्यूज काढून दाखवला.

"मीच काढलंय. दुसरा काय सुचूक नाय."

विमलाला एवढ्यातही हसू फुटलं. तिने बाहेरची नवी सीडी त्याला दिली. "ही लावा. एकेक बघून आणलीहा."

"बरा झाला. आता असा कर, नसीमाक काय सांगा नको. कोणी बघूक नाय, कोणाक कळूक नाय. विषय संपलो. तिका कळल्यार ती तुका परत दारात उभी करूची नाय, आणि माका घरात."

तो खोटं बोलत नव्हता. मोहल्ल्यात नसीमाच्या शब्दाला वजन होतं. तिने मान हलवली तर इथून रेडीपर्यंतच्या घरांत विमलाला आत घेतील, तिने मान फिरवली तर एकही दार उघडणार नाही. आणि आतलं काम गेलं म्हणजे विमलाचं सगळंच गेलं. मांडवातले फोटो काय, आता कुणीही काढत होतं.

"नुरभाय, जबान मी तुमका दिललय काय?" विमलाने विचारलं.

"नाय. तिका."

"मगे तिकाच सांगूक होया." असं म्हणून ती मागच्या दाराने आत गेली. त्याच वेळी नुरुद्दीनने फ्यूज बसवला असावा, कारण सगळं घर एकदम लख्ख झालं आणि अंगणात पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. जोया होती, झैदची आई होती, भावजया होत्या. नसीमा तांदळाची गोड सांदणं ताटात काढत होती. विमलाने तिला बाजूला बोलावलं नाही. ज्यांचे फोटो होते त्या सगळ्या इथेच होत्या.

"नसीमाभाभी, आज माझ्या हातून चूक झाली. आतले फोटो बाहेरच्या सीडीर गेले. ती सीडी नुरभायच्या खिशात होती, त्यांनी लावूक नाय म्हणान वाचलो. कोणी बघूक नाय. ही ती सीडी. आणि ही तुमची, आतली."

एक भावजय "आगे बाय!" म्हणून तोंडावर हात घेऊन बसली. नसीमाने ताट खाली ठेवलं. हात पुसले.

"म्हणान लाइट गेललो," ती म्हणाली.

"होय."

"मी म्हणलंय, आमच्याच घराची लाइन आज वेगळी कशी झाली." नसीमाने हात पुढे केला. "ती मिसळलेली दे. काय दिसला असता ता माका बघूक होया."

झैदने जोयाला लॅपटॉप दिला होता. जोयाने तो आणला, खोलीचं दार लावून आतून कडी घातली, आणि बायका पडद्याभोवती दाटीने बसल्या. मेंदीची रात्र सुरू झाली. बायका नाचतायत. पुढचा फोटो मांडवातला. मेंदीच्याच रात्री झैदचे काका खांबाला टेकून घोरतायत. खोलीत हशा पिकला. पुढचा आत, नवरीला नथ घालतायत. पुढचा बाहेर, बिर्याणीच्या टोपात डोकं घालून आचारी चव बघतोय. फोटो असे नेमके मागे-पुढे बसले होते, कारण लग्नाच्या कामाला निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवायची विमलाची शिस्त होती, आणि एक्स्पोर्ट करताना ती फोटोला वेळेचंच नाव देई. दोन फोल्डरांत असते तर कधी भेटले नसते ते फोटो एकत्र ओतल्यावर आपापल्या वेळेला जाऊन उभे राहिले होते.

बायकांनी मांडव असा कधी पाहिलाच नव्हता. त्या आत असत, ढोल ऐकत, वास घेत, आणि बाहेर काय झालं ते दुसऱ्या दिवशी नवऱ्यांकडून अर्धंमुर्धं ऐकत.

मग निकाहची वेळ आली. नवरीच्या वतीने बोलणारा वकील आणि साक्षीदार जोयाची कबुली विचारून गेले, त्याच्या लगेच नंतरचा फोटो. जोयाची मान खाली, नसीमाचा हात तिच्या पाठीवर. जोयाने पुढचं बटण दाबलं. बाहेरचा फोटो आला. मांडवाच्या पार मागे, जिथे कुणी नव्हतं, नुरुद्दीन माडाला टेकून उभा होता. पाठ कॅमेऱ्याकडे. दोन्ही हातांनी टॉवेल तोंडावर दाबलेला. नवा शर्ट घामाने भिजलेला. काशीरामने लांबूनच काढला होता.

नुसत्या बाहेरच्या सीडीत तो फोटो दिसला असता तर कुणी म्हटलं असतं, उकाडा होता, तोंड पुसतोय.

जोयाचं लग्न झाल्यापासून नसीमा नवऱ्यावर धुमसत होती. मुलीने कबूल म्हटलं त्या घडीला बाप कुठे दिसेना. नंतर विचारलं तर हा सांगतो, आचाऱ्यांकडे होतो, मीठ कमी पडलेलं.

"मीठ कमी पडला होता," नसीमा हळूच म्हणाली. जोयाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. झैदची आई म्हणाली, "बापूसच तो. माझो पण असोच माडाखाली गेललो म्हणे. माका कोणी फोटो दाखवूक नाय."

नसीमाने सीडी लॅपटॉपमधून काढली. विमला वाट बघत होती. काय व्हायचं ते आता इथेच होणार होतं.

"विमलाताय, ह्यापुढे कसली पण सीडी आधी आत येतली. आतली नायतर बाहेरची. मी बघितल्याबिगर बाहेर जावची नाय. मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांक मी तसाच सांगतलंय. तू केलंलीस तरी."

"सांगा. मी केलंली तर पयली सांगा," विमला म्हणाली. "आणि भाभी, सीडी बघूक दार लावून बसलास तर माका पण बोलवा. मी पण आज पयल्यांदाच एकठय बघितलंय."

"तू येवकच होया. तू नसलीस तर आत काढतलो कोण?" नसीमा म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्या बायका अशा सरकल्या की विमलाला बसायला जागा झाली. तिच्या पुढ्यात सांदणाचं ताट आलं.

बाहेर टीव्हीवरची सीडी संपली होती. नुरुद्दीनचा मूळचा आवाज परत आला होता. दारावर थाप पडली.

"अगो, आत काय चल्लाहा? आमचा कधीच संपला! तुमचा कसला एवढा मोठा लगीन?"

नसीमाने मिसळलेली सीडी कपाटात कपड्यांच्या घडीखाली सारली, कडी काढली आणि दार बोटभर उघडलं.

"तुमी वायच आत येवा," ती म्हणाली. "एकटेच. माका तुमच्याकडे काम आसा."

"माझ्याकडे? मी काय केलंय?" नुरुद्दीन घाबरून म्हणाला आणि त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला.